पूर ओसरल्यावर : घराची निगा, पंचनामा आणि विम्याचा दावा

नदीचे पाणी गावात शिरते तेव्हा शासकीय यंत्रणा, पंचायत, तरुण मंडळे आणि शेजारीपाजारी ह्या सर्वांचे लक्ष माणसे व जनावरे सुखरूप बाहेर काढण्याकडे असते, आणि ते तसेच असावयास हवे. मात्र पाणी उतरून तात्पुरत्या निवाऱ्यातील कुटुंबे घरी परतली की निराळेच काम सुरू होते. दारात घोटाभर चिखल, भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ आणि आत उलटेपालटे झालेले सामान पाहून घरातील माणूस प्रथम करतो ते हे, की फावडे हाती घेऊन सर्व काही रस्त्यावर आणून टाकतो. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु ज्या कुटुंबाने घराचा विमा उतरविलेला असतो, त्याच्या नुकसानीचा पुरावाही त्याच फावड्याने बाहेर जातो. ह्याउलट काही कुटुंबे, कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत कशालाही हात लावावयाचा नाही, अशा समजुतीने चिखल चार-चार दिवस तसाच ठेवतात. त्यामुळे भिंती फुगतात, लाकूड कुजू लागते, घरात आजार शिरतो. आणि हे वाढीव नुकसान टाळता येण्याजोगे होते असे म्हणून कंपनी ते भरून देण्यास नकार देऊ शकते, कारण नुकसान वाढू न देण्याची काळजी घेणे ही विमा उतरविणाऱ्यावर असलेली अटच आहे.

वस्तुतः सफाई आणि पुरावा ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. चिखल काढण्यापूर्वी अर्धा तास खर्च केला तर दोन्ही साधतात. हा अर्धा तास कसा वापरावा, पुढे घर कसे सुकवावे आणि दावा कोणत्या वाटेने न्यावा, हे गावपातळीवर सल्ला देणाऱ्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे. पूरग्रस्त माणूस प्रथम त्यांच्याचकडे येतो.

दोन पूर, दोन प्रकारची हानी

महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत अनेक पूर पाहिले, परंतु त्यांनी घरांची केलेली हानी एकसारखी नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपलीकडे गेली. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. हे पाणी हळूहळू चढले आणि कित्येक वस्त्यांत जवळजवळ आठवडाभर साचून राहिले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव ह्या नद्यांचे पाणी मात्र काही तासांतच बाजारपेठेत व घरांत चढले, आणि ओसरताना मागे गाळाचा जाड थर ठेवून गेले. त्याच सुमारास सावित्रीच्या पुराने महाड शहराचीही तीच गत केली.

साचून राहिलेले पाणी भिंतीच्या गाभ्यात मुरते. बाहेरून घर ठीक दिसते. भेगा, पोपडे आणि लोणा नंतर महिनाभराने प्रकट होतात. काळ्या मातीवर बांधलेल्या घरात ही गोष्ट अधिकच जाणवते, कारण ती माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि पाया त्याबरोबर हलतो. वेगाने आलेले पाणी तत्काळ दिसणारी मोडतोड करते : दारे उखडतात, कपाटे आडवी होतात, यंत्रांत गाळ भरतो. पहिल्या प्रकारात घरमालकाने दावा करताना घाई केली तर पुढे दिसणारी हानी नोंदीबाहेर राहते. दुसऱ्या प्रकारात त्याने दिरंगाई केली तर पुरावाच उरत नाही. म्हणून पहिल्या प्रकारच्या पुरात कंपनीला कळविताना 'भिंतींची हानी पूर्ण सुकल्यावर स्पष्ट होईल' असे एक वाक्य अवश्य लिहावे. हे एक वाक्य पुढील पत्रव्यवहारात फार उपयोगी पडते.

घरात पाऊल टाकण्यापूर्वी

पाणी असेपर्यंत ओल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी पाण्याचा आधार असतो. पाणी उतरले की तो आधार जातो आणि भिजून जड झालेली, आतून मऊ पडलेली भिंत कोसळते. म्हणून मातीची घरे पुरात पडतात त्याप्रमाणेच पुरानंतरच्या दोन-चार दिवसांतही पडतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील मातीच्या व कच्च्या विटांच्या भिंतींचे वाडे ढासळले, ही गोष्ट जुन्या मंडळींना परिचित आहे. मातीच्या, किंवा मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या घरात शिरण्यापूर्वी बाहेरून एक फेरी मारावी. भिंतीला पोट आले असेल, कोपरा सुटला असेल किंवा तुळईचे टोक भिंतीतून सरकलेले दिसत असेल, तर अभियंत्याने किंवा अनुभवी गवंड्याने पाहिल्यावाचून कोणीही आत जाऊ नये. तळघरात पाणी असेल तर ते एकदम उपसू नये. बाहेरची जमीन भिजलेली असताना आतला दाब अचानक काढला की तळघराची भिंत आत येते. रोज थोडे थोडे पाणी काढावे.

विजेचा मेन स्विच बंद असल्याची खात्री केल्याशिवाय ओल्या जमिनीवर उभे राहू नये आणि मेन स्विचपर्यंत जाण्यासाठी पाण्यातूनच जावे लागत असेल, तर ते काम महावितरणच्या कर्मचाऱ्यावर सोपवावे. पाण्यात बुडालेली वायरिंग, बटणांचे बोर्ड आणि मीटर ह्यांची परवानाधारक वायरमनने तपासणी केल्यानंतरच वीज सुरू करावी. भिजलेला फ्रीज, पाण्याची मोटार, दूरचित्रवाणी संच ही 'चालते का पाहू' म्हणून सुरू करण्याचा मोह फार मोठा असतो. परंतु नुसत्या सुकविण्याने वाचू शकली असती अशी मोटार त्या एका बटणाने जळते. वाहनाचेही तसेच आहे. पाण्यात बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नये. ती ओढून कारागिराकडे न्यावी. वाहनाचा विमा घराच्या विम्याहून वेगळा असतो आणि केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीबद्दल काहीही मिळत नाही.

अडगळीत, कोनाड्यांत व गाद्यांच्या घड्यांत साप, विंचू आश्रय घेतात. सामान हातांनी न उपसता काठीने हलवून घ्यावे, एवढे सांगून हा विषय आवरता घेतो.

चिखल काढण्यापूर्वीचा अर्धा तास

पहिले काम पाण्याच्या रेघेचे. भिंतीवरील सर्वांत वरची रेघ कोळशाने किंवा रंगाने स्पष्ट करावी, शेजारी तारीख लिहावी आणि जमिनीपासून तिची उंची टेपने मोजून, टेप दिसेल असे छायाचित्र घ्यावे. मोबाइलमध्ये तारीख, वेळ व ठिकाण नोंदविण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. नंतर प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून एक एक छायाचित्र घ्यावे, म्हणजे कोणती वस्तू कोठे होती हे कळते. मग एकेक मोठी वस्तू घ्यावी. फ्रीज, धुलाईयंत्र, शिलाईयंत्र, मोटार ह्यांच्या पाठीमागे किंवा तळाशी कंपनीचे नाव व क्रमांक असलेली पट्टी असते. चिखल पुसून तिचे निराळे छायाचित्र घ्यावे. खरेदीची पावती वाहून गेलेली असली तरी ही पट्टी तिचे पुष्कळसे काम करते. सर्व छायाचित्रे त्याच दिवशी परगावच्या एखाद्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावीत. पुरात भिजलेला मोबाइल केव्हा बंद पडेल ह्याचा नेम नसतो.

ह्यानंतर एका वहीत यादी करावी : वस्तू, अंदाजे कोणत्या वर्षी घेतली, किती किमतीस, पूर्ण निकामी की दुरुस्त होण्याजोगी. यादी करावयास घरातील शाळकरी मुलांना बसवावे, असे मी सुचवीन. त्यांना वस्तू नेमक्या आठवतात, आणि वडीलधाऱ्यांचे हात तेवढ्या वेळात दुसऱ्या कामाला मोकळे राहतात.

खराब झालेल्या वस्तू लगेच भंगारवाल्यास देऊ नयेत किंवा रस्त्याच्या ढिगावर टाकू नयेत. अंगणात किंवा गच्चीवर ताडपत्रीखाली त्या सर्व्हेअर येईपर्यंत ठेवाव्यात. नुकसानीतून भंगाराची किंमत वजा करण्याची पद्धत असल्यामुळे भंगार परस्पर विकले की हिशेबात वाद निघतो. भिजलेले धान्य, कुजलेली अंथरुणे ह्यांसारख्या वस्तू मात्र ठेवता येत नाहीत. त्यांचे वजन किंवा नग मोजून, दोन शेजाऱ्यांसमक्ष छायाचित्र घेऊन, त्यांच्या सहीचा चार ओळींचा कागद करून त्यांची विल्हेवाट लावावी. गादीच्या कापडाचा, फुगलेल्या प्लायचा वीतभर तुकडा नमुना म्हणून सुकवून ठेवता आला तर उत्तम.

सफाई आणि सुकवणी

गाळ ओला असतानाच काढावा. एकदा वाळला की तो फरशीला व भिंतीला सिमेंटसारखा धरून बसतो. फावडे, घमेले आणि फळीचा एक तुकडा एवढ्या साधनांनी काम भागते. गाळ निघाल्यावर स्वच्छ पाण्याने वरून खाली असे धुवावे आणि नंतर टी. सी. एल. पावडरच्या पाण्याने फरशी व भिंतीचा खालचा भाग पुसून घ्यावा. १० लिटरच्या बादलीस सुमारे ३० ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर ह्या कामास पुरते. ह्या पाण्यात शौचालयाचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. पिण्याच्या विहिरीचा प्रश्न वेगळा आहे. नेहमीचे प्रमाण १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम असले तरी पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसून, आरोग्य कर्मचाऱ्याने क्लोरीनची चाचणी घेतल्यावरच वापरात आणावी. काम करताना गमबूट घालावेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचे बळी घेतले. पायाला जखम असलेल्या माणसाने चिखलात उतरू नये आणि ताप आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

आता सुकवणी. येथेच बहुतेक घरांत चूक होते, आणि ती सद्भावनेने होते. घर पूर्ववत दिसावे म्हणून गणपतीपूर्वी किंवा दसऱ्यापूर्वी भिंतींना गिलावा व तैलरंग दिला जातो. वस्तुतः नऊ इंची विटेची भिंत गाभ्यापर्यंत सुकण्यास कित्येक महिने लागतात. कोकणातील जांभ्या दगडाचा चिरा तर स्वतःच सच्छिद्र. तो पाणी भरपूर पितो आणि श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत ते सोडावयास तयार नसतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा, पुट्टी किंवा तैलरंग चढविला की आतील ओल कोंडली जाते. ती वाट काढीत वर सरकते, क्षार बरोबर आणते, आणि जेथे पुराचे पाणी पोहोचलेही नव्हते तेथे लोणा लागतो. म्हणून गिलाव्यावर हाताच्या सांध्याने ठोकून पाहावे. जेथे पोकळ आवाज येतो तेवढा गिलावा काढून टाकावा, जेथे तो घट्ट आहे तेथे राहू द्यावा. कपाटे व पलंग भिंतीपासून हातभर दूर ठेवावेत. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू द्यावा. वायरिंग तपासून झाल्यावर पंखे लावावेत, मात्र खोली बंद करून शेगड्या पेटवू नयेत. त्याने भिंत वरवर सुकते, आतील ओल तशीच राहते, आणि कोळशाच्या धुरापासून जिवास धोका असतो तो निराळाच.

भिंत सुकली की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा व दुसऱ्या दिवशी पाहावा. त्याच्या आतील बाजूस दव साचले असेल तर भिंत अजून ओली आहे. हा प्रयोग दर पंधरा दिवसांनी त्याच जागी करीत जावा. तोवर भिंत उघडी बरी दिसत नसेल, तर चुन्याची सफेदी द्यावी; चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.

सागवान व इतर अस्सल लाकूड बहुधा वाचते, पण उन्हात ठेवले तर तडकते. दारे बिजागऱ्यांतून काढून सावलीत, खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून आडवी सुकवावीत, म्हणजे ती वाकत नाहीत. प्लाय आणि भुशाच्या पाट्यांचे सामान फुगले की संपले. त्यावर दुरुस्तीचा खर्च करू नये. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. तेव्हा कापसाच्या गाद्या, उशा कितीही जिवाभावाच्या असल्या तरी त्या पुन्हा वापरणे योग्य नाही. एक-दोन दिवसांतच त्यांत बुरशी धरू लागते.

कागदपत्रांविषयी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण सातबारा, खरेदीखत, पासबुक, शाळेचे दाखले ह्यांवाचून पुढचे पाऊलच अडते. ओला गठ्ठा ओढून पाने सुटी करू नयेत. चिखल असल्यास स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढावा, सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर उभा ठेवावा, आणि मधून मधून वर्तमानपत्राचे कोरे कागद किंवा टीपकागद घालून ते बदलीत जावे. कागद फार असतील आणि दोन दिवसांत सुकण्याची आशा नसेल, तर ते पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवता येतात. बुरशी धरावयाची थांबते आणि नंतर सवडीने थोडे थोडे सुकविता येतात. शाळांच्या जनरल रजिस्टरलाही हीच रीत लागू पडते, हे मुख्याध्यापकांनी ध्यानात ठेवावे.

पंचनामा वेगळा, पाहणी वेगळी

महसूल खात्याचा गावपातळीवरील अधिकारी, ज्यास गाव अजून तलाठी ह्याच नावाने ओळखते, ग्रामपंचायत अधिकाऱ्यासमवेत घरोघर पंचनामा करतो. हा पंचनामा शासकीय साहाय्यासाठी असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ ह्या कालावधीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण नष्ट झालेल्या घरास १,२०,००० रुपये, किमान १५ टक्के हानी झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये व तशाच कच्च्या घरास ४,००० रुपये असे साहाय्य ठरविण्यात आले होते. विशिष्ट आपत्तीच्या वेळी राज्य शासन वाढीव साहाय्य जाहीर करते. २०२१ च्या पुरानंतर घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १०,००० रुपये देण्याचा निर्णय झाला होता. हे साहाय्य तातडीची गरज भागविण्यासाठी असते. झालेले सर्व नुकसान भरून काढणे हा त्याचा उद्देश नव्हे.

विमा कंपनीची पाहणी ही संपूर्णपणे निराळी गोष्ट आहे. ती करणारा सर्व्हेअर परवानाधारक असतो, त्याचे शुल्क कंपनी देते आणि नुकसान पॉलिसीच्या अटींनुसार किती भरते हे तो सांगतो. तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे विम्याचा दावा झाला, असा समज अनेक गावांत आढळतो. त्या समजापायी मुदती टळतात. उलट, शासनाचे साहाय्य घेतले तर विम्याचे पैसे मिळत नाहीत, अशीही एक वदंता असते. तीस आधार नाही. पंचनाम्याची प्रत मात्र दाव्यास उत्तम आधार ठरते. म्हणून पंचनाम्यात पाण्याची उंची, पाणी शिरल्याचा व उतरल्याचा दिवस आणि घराचा मिळकत क्रमांक हे तपशील आले आहेत ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे आणि प्रत मागून घ्यावी.

विम्यात काय येते

आपल्याकडे घराचा विमा उतरविणारी कुटुंबे अजून थोडी आहेत. परंतु ज्यांनी गृहकर्ज घेतले आहे त्यांपैकी कित्येकांचा विमा बँकेने उतरविलेला असतो आणि कर्जदारास त्याची आठवणही नसते. तेव्हा 'माझा विमा नाही' असे म्हणण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी. अशा विम्यात पुष्कळदा केवळ इमारत समाविष्ट असते, सामान नसते, हेही पाहून घ्यावे.

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने मसुदा ठरवून दिलेली 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी साधारण विमा कंपन्यांनी १ एप्रिल २०२१ पासून विक्रीस आणली. तीत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर व जलमय होणे, भूस्खलन ह्यांबरोबरच पाण्याची टाकी किंवा नळ फुटून अथवा वाहून झालेले नुकसानही येते. त्यामुळे नदीपासून दूर चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यासही ती निरुपयोगी नाही. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत घरातून चोरी झाली तर तीही समाविष्ट आहे. पूरग्रस्त घर उघडे टाकून निवाऱ्यात जावे लागलेल्यांना ह्या तरतुदीचे मोल वेगळे सांगावयास नको. मात्र वर्षानुवर्षे स्लॅबमधून होणारी गळती, जुनाट झिजेमुळे आलेली ओल ही विम्याची बाब नव्हे. रोख रक्कम सामानात धरली जात नाही, आणि दागिन्यांसाठी निराळे संरक्षण घ्यावे लागते.

इमारतीची विमा रक्कम जागेच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. पूर जमीन घेऊन जात नाही. समजा, घराचे चटई क्षेत्र ६० चौरस मीटर आहे आणि बांधकामाचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये आहे. तर विमा रक्कम १२,००,००० रुपये होते. सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे येथे २,४०,००० रुपये, आपोआप धरले जातात. ह्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. राडारोडा हलविण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. ह्या दोन बाबी मागावयाच्या बहुतेकांच्या राहून जातात.

जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत एक नियम दडलेला असे. २० लाखांच्या घराचा विमा १० लाखांचाच उतरविला असेल आणि नुकसान २ लाखांचे झाले, तर कंपनी निम्मेच, म्हणजे १ लाख देई. 'भारत गृह रक्षा'मध्ये हा नियम शिथिल केला आहे. आपली पॉलिसी कोणती आहे हे पहिल्या पानावर पाहावे, आणि घराचे क्षेत्र व बांधकामाचा प्रकार प्रस्तावात खरा लिहावा.

दाव्याची वाट

नुकसान ध्यानात येताच कंपनीस कळवावे. दूरध्वनीवरून कळविल्यास दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी लेखी पत्र किंवा ई-मेलही पाठवावा. मजकूर थोडका असला तरी चालतो. उदाहरणार्थ :

"मा. दावा अधिकारी यांस – माझ्या पॉलिसीचा क्रमांक अमुक आहे. मौजे अमुक येथील माझ्या घरात दिनांक अमुक रोजी पहाटे नदीचे पाणी शिरले. ते जमिनीपासून साडेचार फूट चढले व तिसऱ्या दिवशी उतरले. इमारतीचे व सामानाचे नुकसान झाले असून यादी सोबत आहे. भिंतींची हानी पूर्ण सुकल्यावर स्पष्ट होईल. घर राहण्याजोगे करण्यासाठी आजपासून चिखल काढीत आहे; त्यापूर्वी छायाचित्रे घेतली आहेत व खराब वस्तू अंगणात राखून ठेवल्या आहेत. कृपया सर्व्हेअर पाठवावा."

पॉलिसीचा कागद वाहून गेला असेल तर घाबरण्याचे कारण नाही. बँक, एजंट किंवा जुना ई-मेल ह्यांवरून क्रमांक मिळतो आणि कंपनीकडून प्रत घेता येते. 'भारत गृह रक्षा'त नुकसान प्रथम आढळल्यापासून ३० दिवसांत दाव्याचा अर्ज द्यावयाचा असतो. रस्ते बंद असणे, रुग्णालयात असणे अशा खऱ्या अडचणीमुळे उशीर झाला तर कारण लिहून अर्ज द्यावाच. केवळ उशिराच्या कारणावरून रास्त दावे फेटाळू नयेत, असे प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांस बजावले आहे.

जून २०२४ च्या प्रमुख परिपत्रकाने पुढील मुदती घालून दिल्या : दावा कळविल्यापासून २४ तासांत सर्व्हेअरची नेमणूक, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. अहवाल मिळविणे हे कंपनीचे काम आहे, दावेदाराचे नव्हे. एखादा कागद नाही एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. मोठ्या पुरात एका सर्व्हेअरकडे शेकडो घरे येतात, आणि ह्या मुदती कागदावर राहण्याचा संभव असतो हे खरे. तरीही पत्रात त्यांचा उल्लेख करणारा दावेदार मागे पडत नाही, असा अनुभव आहे.

सर्व्हेअर आला की यादी, छायाचित्रे, नमुने, पंचनाम्याची प्रत, घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ चा उतारा आणि दुरुस्तीचा अंदाज त्याच्यासमोर ठेवावा. अंदाज स्थानिक अभियंत्याकडून मोजमापासह करून घ्यावा. 'घर दुरुस्ती – तीन लाख' अशा एका ओळीच्या कागदास किंमत नसते. 'दिवाणखाना, उत्तरेकडील भिंत, गिलावा काढणे व नव्याने करणे, अमुक चौरस मीटर, अमुक दर' अशा कागदास असते. न झालेले नुकसान यादीत घुसडू नये. एक खोटी वस्तू सापडली की खऱ्या नव्व्याण्णव वस्तूंवरचा विश्वास उडतो आणि पॉलिसीप्रमाणे संपूर्ण दावाच नाकारला जाऊ शकतो. सर्व्हेअरने काय काय पाहिले ह्याची तारखेसह नोंद आपल्या वहीत ठेवावी आणि अहवालाची प्रत मागावी. अंतिम निर्णयास वेळ लागणार असेल तर काही रक्कम आगाऊ देण्याची लेखी विनंती करण्यास हरकत नाही.

निर्णय मान्य नसेल तर

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' ह्या व्यवस्थेतही तक्रार नोंदविता येते; तिचा निःशुल्क दूरध्वनी १५५२५५ हा आहे. कंपनीने तक्रार फेटाळली, महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रातील मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतच्या वैयक्तिक दाव्यांचा ते विचार करतात, शुल्क घेत नाहीत, आणि वकील द्यावा लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावयाचा असतो. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तेथे दोन वर्षांची मुदत आहे. एकाच प्रकरणात दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, म्हणून बहुतेकांनी आधी लोकपालाकडे जाणे सोयीचे ठरेल. तडजोडीच्या रकमेच्या पावतीवर 'पूर्ण व अंतिम' असे छापलेले असते. रक्कम मान्य नसेल तर सही करताना 'हरकत राखून' असे हाताने लिहावे व त्याची प्रत ठेवावी.

पंचायतीला करता येण्याजोगे

पुराच्या दिवसांत पाण्याची सर्वांत वरची पातळी गावात कोठवर आली, कोणत्या वेळी आली व केव्हा उतरली ह्याची एक नोंदवही पंचायतीने ठेवावी, आणि जलसंपदा विभागाची नदीपातळी व महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद तीत उतरवून घ्यावी. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे शासकीय परिभाषेत अतिवृष्टी. गावातील प्रत्येक दाव्यास ह्याच नोंदीचा दाखला लागतो; एकदा ठेवला तर शंभर घरांना पुरतो. शाळा, चावडी किंवा देवळाच्या भिंतीवर पातळीची रंगीत खूण वर्षासह करून ठेवल्यास पुढच्या वेळी सामान किती उंचावर न्यावयाचे हेही कळते.

पूर आल्यानंतर घेतलेला विमा त्या पुरास लागू होत नाही, म्हणून हा विषय १ मेच्या ग्रामसभेत घेणे बरे. त्या सभेत नदीकाठच्या घरांची यादी वाचून, कोणाच्या कर्जाबरोबर विमा आहे, कोणाची मुदत जूनपूर्वी संपते आहे आणि कोणाच्या पॉलिसीत सामान धरलेले नाही, एवढे तीन रकाने भरून घेता येतात. शाळेतील वरच्या वर्गाची मुले हे काम दोन दिवसांत करू शकतात.